चढाला लावलेला प्रोसेसर

आमच्या मामांनी आयुष्यात एकही वस्तू चढाला लावल्याशिवाय पसंत केलेली नाही. मिलिटरीतली सगळी नोकरी त्यांनी पहाडातल्या रस्त्यांवर ट्रक चालवण्यात काढली, आणि निवृत्त होऊन कराडजवळच्या मलकापुरात घर बांधलं तरी त्यांच्या डोक्यातला घाट काही संपला नाही. नवा मिक्सर आला की पहिल्याच दिवशी त्यात हळकुंडं. नवे बूट घेतले की थेट अजिंक्यतारा. थोरल्या मुलीला साताऱ्याचं स्थळ सांगून आलं, तेव्हा मुलाला "जरा पाय मोकळे करू" म्हणून हे किल्ल्यावर घेऊन गेले आणि चढभर त्याच्या भावकीची चौकशी करत राहिले. खाली आल्यावर मामींना निकाल सांगितला, "बोलताना धाप न्हाई लागली. पोरगा चांगला हाय." जावई खरोखरच चांगले निघाले, त्यामुळे मामांना आवर घालायची उरलीसुरली आशाही मावळली.

पुढे मधुमेहानं त्यांचा डावा पाय बधिर झाला. क्लच कळेना. डॉक्टरांनी गाडी बंद केली, जीप विकली गेली आणि मामा गप्प झाले. एसटीत ड्रायव्हरच्या मागं बसून हवेत गिअर टाकायचे, तेवढाच काय तो उत्साह. घरी तर जेवणाला नावंसुद्धा ठेवेनात, तेव्हा मात्र आम्ही सगळे धास्तावलो. म्हणून एक दिवस त्यांनी मोबाईलवर ट्रक चालवायचा गेम पाहिला आणि "भाच्या, मला कॉम्प्युटर पायजे" असा फोन केला, तेव्हा मला इतका आनंद झाला की मी ऑफिसातून अर्धी रजा टाकून निघालो.

मामींचं म्हणणं एवढंच होतं, "पेन्शनीत बसंल तेवढाच आणा." त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड बसत नव्हतं. चित्र दाखवायचं कामही प्रोसेसरनंच करायला हवं, असं मी मामांना समजावलं. "म्हंजी ड्रायव्हर अन् क्लीनर एकच," ते म्हणाले. मला याहून चांगलं समजावता आलं नसतं.

साताऱ्याच्या दुकानदारानं नुकताच बाजारात आलेला प्रोसेसर दाखवला. मामांनी तो बघितलासुद्धा नाही. "नव्या मॉडेलची पैली गाडी कवा घिऊ नये. आधी दुसऱ्याला खड्ड्यात जाऊ दे." कराडच्या दुकानात गेममधल्या मोकळ्या हायवेवर भन्नाट पळणारा ट्रक दाखवला, त्यावर शेरा मिळाला, "सपाटीला कुणीबी पळतंय रं!" शेवटी आम्ही सांगलीला गेलो. तिथला दुकानदार सोशिक होता. मामांच्या हुकमावरून त्यानं मागच्या पिढीतला, सहा कोअरचा स्वस्त प्रोसेसर लावला, ट्रकमध्ये लाकडाचे ओंडके भरले, पाऊस पाडला आणि गाडी घाटाला घातली. मामा डोळे मिटून, कॉम्प्युटरच्या पेटीवर तळहात ठेवून उभे. चित्र कुठं अडखळलं नाही, पंखा किंचाळला नाही. वळणामागून वळण गेलं. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकंही हातातली कामं सोडून बघत राहिली. "दम हाय गड्यात," मामा म्हणाले. तोच घेतला, आणि सोबत क्लच नसलेलं एक स्टिअरिंग.

घरी जोडणी करून दिली. मामांनी चप्पल काढून बाहेर ठेवली, खुर्चीत ताठ बसले आणि गेममधला पहाडी रस्ता निवडला. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला नुसती दरी. दोन वळणांतच त्यांचा चेहरा असा उजळला, की मला त्यांच्याकडे बघवेना. मामी चहा घेऊन आल्या त्या कप हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"आवं, असलाच रस्ता व्हता?"

"व्हय. ह्योच म्हन की."

मामी बराच वेळ दरीकडे बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "फोनवर तर तुमी कायम म्हनायचा, रस्ता लय चांगला हाय, काळजी करू नगो."

मामांनी ट्रक कडेला घेतला. मग शेजारचं स्टूल पायानं ओढून मामींपुढं सरकवलं.

"बस. हळू घेतो."

मामी बसल्या. टेबलाची कड मात्र त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.