घर कोणाचं?

काल घर मोजायची फीत माझ्या उंबऱ्यावरून सळसळत गेली आणि मला हसूच आलं. नगरपालिकेची तिजोरी रिकामी, म्हणून घरपट्टी वाढणार. गेले आठ दिवस आमच्या ओट्यावर त्याचाच वाद. एक म्हणे, गावासाठी भरायलाच हवी. दुसरा म्हणे, आधी साहेबांची गाडी विका. सगळ्यांत मोठा आवाज आमच्या ह्यांचा, "माझ्या घरावर पट्टी? बघतोच."

पालिकेच्या कारकुनानं फीत गुंडाळली आणि विचारलं, "काका, नव्या यादीत मालक कोण लिहू?"

ह्यांनी माझ्याकडे बोट केलं. "घर हिचंच. मी आपला राहतो इथे."

आता बघा, पन्नास वर्षं ज्या भिंती मी सारवल्या, रंगवल्या, त्या माझ्या व्हायला पट्टी यावी लागली. घर तरी काय हो, जो अंगावर घेईल त्याचं.

मी म्हटलं, "लिहा माझं नाव. पापडाच्या पैशांतून भरीन मी."

हे दचकले. "अगं, नुसतं कागदापुरतं."

"मालकी कागदावरच असते, काका," कारकून म्हणाला. मी ठसठशीत सही केली.

संध्याकाळी हे स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाले, "चहा मिळेल का?" आजवर नुसतं "चहा" म्हणायचे.