टाचणीचा खटला

वृद्धाश्रमाच्या दुसऱ्या मजल्यावर एक म्हातारी शिंपीणबाई राहायची. हयातभर लोकांचे कपडे शिवून डोळे पार अधू झालेले, जीभ मात्र कात्रीसारखी चालायची. देखभालीला आलेल्या किडकिडीत बाईचं तिनं पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, टाचणी. बघता बघता सगळा आश्रमच तिला टाचणी म्हणू लागला. अकरा वर्षं टाचणी म्हातारीला न्हाऊमाखू घालत होती, भरवत होती. दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की म्हातारी ओठ घट्ट मिटून घ्यायची.

मग साथ आली आणि हुकूम निघाला. म्हाताऱ्यांजवळ काम करणाऱ्या प्रत्येकानं लस घ्यायची, नाहीतर घरी बसायचं.

टाचणीला सुईची धास्ती होती. लहानपणी शाळेत सुई टोचल्यावर तिची धाकटी बहीण तिच्या डोळ्यांदेखत बाकावरून कोसळली होती. पोरीला आधीपासूनच ताप होता, सुईचा काही दोष नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. टाचणीच्या डोक्याला ते पटलं, अंगाला कधीच पटलं नाही. ती दोनदा रांगेत उभी राहिली, बाही वर केली आणि दोन्ही वेळा पळून आली. "टाचणीच सुईला घाबरते!" म्हणून सगळे हसले. चौथ्या आठवड्यात व्यवस्थापकानं तिला घरी पाठवलं.

घरी तिचे हात तिला गप्प बसू देईनात. बादलीतल्या पाण्यात उगाच कोपर बुडवून बघायची, फार कढत तर नाही ना? नवरा समजावून थकला. दुपारी ती आश्रमासमोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहायची. वरच्या खिडकीचा पडदा हलला की तिचा जीव वरखाली व्हायचा.

कामगार संघटनेच्या वकीलबाईंनी तिच्यासह चौदा जणांचा खटला दाखल केला. "स्वतःच्या शरीरावर तुमचा हक्क आहे. घटनेनं दिलेला हक्क आहे तो," त्या म्हणाल्या.

"हक्काचं मला कळत नाही हो बाई," टाचणी म्हणाली, "मला माझी म्हातारी हवी आहे."

तारखा पडत गेल्या. निकाल लागायला जवळजवळ तीन वर्षं गेली. न्यायाधीश म्हणाले, कुणालाही धरून लस टोचता येणार नाही, शरीरावरचा हक्क खराच आहे. पण साथ जोरात असताना, ज्यांच्या जिवाला धोका आहे अशा माणसांजवळ काम करायला लसीची अट घालणं घटनेच्या विरोधात जात नाही. मात्र साथ ओसरल्यावरही या कामगारांना बाहेर ठेवायला काही आधार उरत नाही. त्यांना परत घ्या. त्याच निकालात एक ओळ होती. साथीच्या पहिल्या हिवाळ्यात आश्रमातली पाच माणसं दगावली होती.

पायऱ्या उतरताना वकीलबाई म्हणाल्या, "अर्धं हरलो, अर्धं जिंकलो."

"ते चुकीचं नाही बोलले," टाचणी म्हणाली. "त्या पाचांतलं एखादं माझ्या हातून गेलं असतं तर?"

"मग लढलात कशाला?"

"परत जायला दुसरी वाट दिसत नव्हती."

सोमवारी सकाळी ती धापा टाकत दुसऱ्या मजल्यावर पोचली. पलंगाशी एक धट्टीकट्टी बाई बसली होती. तिनं चमचा पुढे केला आणि म्हातारीनं मुकाट तोंड उघडलं. "टाचणे, आज मीठ विसरलीस गं," म्हातारी तिला म्हणाली.

ती बाई ओशाळून उठली, दाराशी येऊन हळूच म्हणाली, "तुम्ही गेल्यावर चार दिवस अन्नाला शिवल्या नव्हत्या हो. शेवटी आवाज बारीक केला आणि म्हटलं, मीच टाचणी. तेव्हापासून तेच चाललंय. घ्या, आता तुम्ही भरवा."

टाचणीनं हात पुढे केला, आणि मागे घेतला. तीन वर्षं जिनं म्हातारीला जगवलं तिला खोटं कसं पाडायचं?

"कोण आलंय गं?" म्हातारीनं विचारलं.

"नवीन बाई आहे मी," टाचणी म्हणाली. तिनं मुद्दाम आवाज जाड केला होता. "काम शिकायला आलेय."

"मग हिच्याकडून शीक. आमच्या टाचणीसारखा हात कुणाचा नाही."

टाचणीला खालच्या मजल्यावर काम मिळालं. म्हातारीची नखं कापायला मात्र दर रविवारी ती वर जायची. तेवढं काम त्या बाईनं तिच्यासाठी राखून ठेवलं होतं.