दोन लांब, एक आखूड

माझा धाकटा दीर एलादिओ हा आमच्या नदीवरचा सगळ्यात मोठा दीडशहाणा. हे मी त्याच्या तोंडावरही सांगते, त्यामुळे इथं लिहायला हरकत नाही.

धक्क्यावर माझी खानावळ आहे. तिथून सगळ्या होड्या दिसतात आणि नावाड्यांच्या सगळ्या फुशारक्या ऐकू येतात. माकडं बोलवायची प्रत्येक नावाड्याची आपापली शीळ. शीळ घालायची, केळं दाखवायचं, की काठच्या रानातून पांढऱ्या तोंडाची कापुचिन माकडं होडीच्या छपरावर उतरतात आणि पर्यटक खूश. दुसऱ्याची शीळ कोणी घालत नाही. एवढीच काय ती लाज या लोकांत शिल्लक आहे.

एलादिओची शीळ दोन लांब, एक आखूड. अकरा वर्षं त्यानं तिच्यावर पोट भरलं. त्या टोळीबद्दल असा बोलायचा, जणू यानंच त्यांना झाडावर चढायला शिकवलंय. लिंबाचा पाला चुरगळून अंगाला कसा चोळतात, शिंपले फांदीवर आपटून कसे फोडतात, सगळं माझ्या स्वयंपाकघरात करून दाखवायचा. एकदा म्हणाला, "वहिनी, ती एकमेकांच्या नाकात बोटं घालून डोळे मिटून बसतात. ती त्यांची माया."

"तुझ्या भावाला सांगू नकोस हे," मी म्हटलं.

टोळीच्या म्हाताऱ्या म्होरक्याला त्यानं नाव दिलं बेनिग्नो. म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. सासऱ्यांना मी कधी नावं ठेवली नव्हती, पण चेहरा जुळत होता हे खरं.

आता याची अक्कल बघा. फेरी संपली की हा प्रत्येक पर्यटकाला आपली शीळ शिकवायचा. टाळ्या मिळायच्या ना.

"अरे, घराची किल्ली गावभर वाटतोस होय?" मी विचारलं.

"शीळच तर आहे, वहिनी."

मग तो सोमवार आला. सोमवारी होड्या बंद असतात. एलादिओ माझ्यासमोर बसून घेवडा-भात खात होता आणि नदीवरून शीळ आली. दोन लांब, एक आखूड. त्याचा चमचा तोंडाशीच थांबला. तो आपल्या होडीकडे धावत सुटला. टोळीच्या झाडांपाशी पोहोचला तेव्हा एक परकी होडी वळणापलीकडे जात होती. आयांच्या पाठीवरून ओढलेली दोन पिल्लं पोत्यात घालून नेली होती, शहरात हौशी लोकांना विकायला. दोन्ही आया संध्याकाळपर्यंत फांदीवर किंचाळत होत्या.

तो दोन दिवस जेवला नाही. मला दया वगैरे आली नाही.

"रडतोस काय? होडीवर उतरायला त्यांना शिकवलं कोणी?"

"मीच."

"मग आता तूच विसरायला लाव."

तो रोज जाऊ लागला. शीळ घालायचा, माकडं उतरली की पातेलं बडवायचा, चिखलाचे गोळे मारायचा. बाकीची चार दिवसांत बिचकली. बेनिग्नो मात्र अंगावर गोळा बसला तरी छपरावरच बसून राही आणि केळ्यासाठी हात पुढे करी. म्हाताऱ्याला पटेचना की हा तोच माणूस.

सहाव्या दिवशी एलादिओ कपाळ फोडून घेऊन आला.

"वहिनी, बेनिग्नोनं वाळकी फांदी मोडून टाकली माझ्यावर," तो म्हणाला. चेहरा असा, की बक्षीस मिळालंय.

"अकरा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी धड शिकवलंस," मी म्हटलं आणि फडकं बांधलं.

पर्यटक दुसऱ्या होड्यांवर गेले. बाकीचे नावाडी आपापल्या शिळा घालतातच आहेत, शहाणे कुठले. एलादिओ आता माझ्याकडे केळी सोलतो. सालीबरोबर निम्मा गर टाकतो.

गेल्या सोमवारी तो धक्क्याच्या टोकाला गेला आणि त्यानं शीळ घातली. दोन लांब, एक आखूड. तीनदा. मग बराच वेळ पलीकडच्या झाडांकडे बघत उभा राहिला. परत आला तेव्हा मी विचारलं, "झालं समाधान?"

"हो. एकही आलं नाही," तो म्हणाला. "बेनिग्नोसुद्धा नाही. छान झालं."

दुसऱ्या दिवशी त्याची विजार धुवायला घेतली. खिशात केळं होतं.