भोक पाडलेली फ्लॉपी

जप्त केलेल्या फ्लॉपीला मी स्वतःच्या हाताने दाभणाने भोक पाडलं, सुतळी ओवली आणि वर लाखेचं सील ठोकलं. चोरीच्या घागरीला लेबल बांधतात, तसंच. ते आठवलं की आजही माझी कानशिलं तापतात.

ऐंशीच्या दशकात मी नागपुरातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. हुडकेश्वरकडचा एक शेतकरी तक्रार घेऊन आला. त्याच्या मुलीने एका कॉलेजात अर्ज भरला होता आणि मुलाखतीच्या यादीत तिचं नावच नव्हतं. चौकशी केली, तर गळालेली सगळी मुलं खेड्यांतली. त्यातच निनावी फोन आला, "कंप्युटरवाल्याले धरा. त्यानंच नावं उडवली."

कॉलेजचा ऑपरेटर पंचविशीचा, जवळच्या बेसा गावचा. त्याच्या खणात जेवणाच्या डब्याखाली एक फ्लॉपी मिळाली. लपवलेली! पंचनामा, दाभण, लाख आणि पोरगा कोठडीत.

"नावं का पुसलीस?"

"मी काहून पुसू जी? पहिली फ्लॉपी भरली. मशीन पुढचं नाव घेऊनच नाही राहिली. उरलेली नावं दुसरीत टाकली. मी सुट्टीवर असताना हापिसातल्या बाबूनं पहिलीच छापली."

"आणि जागा बरी खेड्यातल्या पोरांपाशीच संपली?"

"त्याहीचे अर्जच शेवटी येतेत साहेब. तहसीलचा दाखला लवकर भेटते का?"

मी टेबलावर हात आपटला. "एवढी मोठी मशीन, आणि जागा संपते? मला शिकवतोस?"

"मंग दुसरी फ्लॉपी पाहा ना जी. माह्या खणातच होती."

मी ऐटीत मुद्देमाल मागवला. सुतळी फ्लॉपीच्या आतल्या, नावं साठवणाऱ्या काळ्या चकतीच्या बरोबर आरपार गेलेली. पोराने ती पाहिली आणि मटकन खाली बसला. "साहेब, हे काय केलं जी?"

आरोपीचा एकुलता एक साक्षीदार मी पंचांसमक्ष, रीतसर ठार केला होता. आणि दुसऱ्या दिवशी पोराला कोर्टात उभं करायचं होतं.

त्याला जीपमध्ये घातलं आणि कॉलेज गाठलं. पहिली फ्लॉपी मशीनमध्ये टाकली. तिच्यातलं शेवटचं नाव आणि छापील यादीतलं शेवटचं नाव एकच निघालं. "आता माझं नाव टाक," मी म्हणालो. त्याने टाकलं. मशीनने नाकारलं. परत टाकायला लावलं, परत नाकारलं. फौजदाराचं नाव आहे याचा तिच्यावर काही परिणाम झाला नाही. पोरगा खरं बोलत होता.

कपाटातले अर्ज काढून त्यानेच उरलेली नावं नव्या फ्लॉपीत भरली. त्या मुलांना मुलाखतीला बोलावणं गेलं, पोरगा सुटला आणि मी वरिष्ठांना लेखी खुलासा दिला.

तोवर एकाच प्रकारच्या माणसांचं नुकसान दिसलं की मी लगेच गुन्हेगार शोधायचो. पुढे आधी विचारू लागलो, ही माणसं रांगेत शेवटी का होती?

पोरगा सुटला त्या दिवशी त्याची आई सकाळपासून ठाण्याच्या पायरीवर बसून होती. मी तिला सगळं समजावलं, हातही जोडले. तिने पोराचं मनगट धरलं आणि मला आपादमस्तक न्याहाळलं.

"साहेब, तुमाले नोकरीत घेताना कोनी मुलाखत नव्हती घेतली का गा?"