हनुवटी खाली

साखराबाईला पोहता येतं, हे लग्नानंतर कितीतरी वर्षं सासरच्या कडा गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. नवऱ्याला, बंकटला, ठाऊक होतं. पण तो सांगत नसे. त्याला स्वतःला पोहता येत नव्हतं, आणि मेंढरं राखणाऱ्याने ते चारचौघांत कबूल कसं करावं?

साखराबाईचं माहेर धर्मापुरीकडचं. तिथे लोकर कातरण्याआधी मेंढरं तळ्यात घालून धूत. थोरली माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून मेंढरं चोळत, आणि पोरंसोरं पलीकडे खोल पाण्यात पोहत राहून एखादं मेंढरू भलतीकडे जातंय का, यावर नजर ठेवत. साखराबाई त्या पोरांतली. सासरी बायका पाण्यात उतरत नव्हत्या, मग तीही उतरली नाही.

ही विद्या बाहेर निघाली ती लेकीपायी. ऋतुजा अकरावीत शिकत होती आणि गावातल्या प्रविणसरांकडे बॉक्सिंगला जात होती. हात चांगला चालायचा. पण कारखान्याच्या डांबरी रस्त्यावर रोज पहाटे धावून तिच्या नडग्या इतक्या दुखू लागल्या, की खाली बसली तर भिंतीला धरून उठायची. डॉक्टरांनी धावणं बंद करायला सांगितलं. धावणं थांबलं तसा दमही गेला. तिसरा राऊंड लागला की तिचे हात आपसूक खाली यायचे.

प्रविणसर घरी आले. "ताई, हिला पोहायला घाला. नडग्यांना आराम मिळंल आन दमबी वाढंल. न्हाईतर बीडच्या स्पर्धेला नाव देणार न्हाई मी. दम नसलेलं लेकरू आत सोडायचं म्हंजे नुसतं मार खायला सोडायचं."

"अन शिकवील कोण?" साखराबाईने विचारलं.

बंकट तंबाखू मळत म्हणाला, "आता कावून लपवती? घरातच हाय की मास्तरीण."

विहीर मिळाली सुंदररावांची. रुंद, पायऱ्यांची, भरलेली. सुंदरराव जमीनदार माणूस, पण आढेवेढे घेतले नाहीत. "उतरा की. फकस्त मोटार चालू असताना नको. आन माझ्या शेततळ्याकडं फिरकू बी नका. प्लास्टिकवरून पाय घसरला तर वर येणं मुश्कील."

दुसऱ्या दिवसापासून साखराबाई साडीचा काचा मारून पाण्यात उतरू लागली. ऋतुजाच्या पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधला. वर बांधावर बंकट पाठ फिरवून राखणीला बसे. वाटेने कुणी गडी आला, की "आज हिरीवर बायका हायत बे, पलीकडून जा," म्हणून त्याला वळवत असे.

साखराबाईने तिला आलं तसं शिकवलं. "मुंडकं वर. तोंड पाण्यात घालायचं न्हाई. नजर हटू द्यायची न्हाई."

दसऱ्यापर्यंत कॅन सुटला. ऋतुजा डोकं वर काढून विहिरीत फेऱ्यांमागून फेऱ्या घालू लागली, आणि बाहेर आल्यावर धापही टाकेना. साखराबाईला वाटलं, झालं आपलं काम.

मग एका संध्याकाळी सरांनी तिला क्लासवर बोलावलं. ऋतुजाचा खालचा ओठ सुजला होता.

"ताई, दम आलाय. लई आलाय. पण ही हनुवटी वर करून खेळायला लागली. आधी असं न्हवतं. हनुवटी छातीशी पायजे. वर गेली की समोरच्याला आयतं ठिकाण." सर साखराबाईकडे वळले. "पाण्यात कशी पोहती ही?"

साखराबाईने तिथेच उभ्या उभ्या, मान ताठ करून, हवेत हात मारून दाखवलं. पोरी खिदळल्या. सर हसले नाहीत.

"असं कुणी शिकवलं?"

"मीच."

"तोंड पाण्यात घालून पोहू द्या. हनुवटी खाली, श्वास पाण्यात सोडायचा. तोवर नाव देत न्हाई."

घरी भाकरी थापता थापता साखराबाई म्हणाली, "पोरीचा खेळ मीच बिघडवला. मेंढरं राखल्यावानी पोहायला शिकवलं तिला."

"पण त्या हिरीत मेंढरं हायत कुठं?" बंकट म्हणाला.

तव्यावरची भाकरी जरा करपली.

सकाळी पायरीवर उभी राहून ऋतुजा म्हणाली, "मला भ्या वाटतं. आदी तू घाल तोंड."

साखराबाईने पोहताना आयुष्यात कधी पाण्यात तोंड घातलं नव्हतं. नजर हटली की कुणाचं तरी कोकरू गेलंच, हे लहानपणी अंगात भिनलेलं. ती पाण्यात सरकली, मान वाकवली आणि तोंड आत घातलं. हिरवा अंधार. कानांत स्वतःच्याच बुडबुड्यांचा आवाज. वर आली तेव्हा नाक झोंबत होतं.

"काय झालं गं?" बांधावरून बंकट ओरडला, वळून न बघता.

"काई न्हाई. मेंढरं होती तितकीच हायत."

ऋतुजा इतकी हसली की तिच्याच नाकातोंडात पाणी गेलं. त्यानंतर तिचं भय उरलं नाही. पण पाण्यात जमलेलं जमिनीवर जमेल का, हे कुणालाच सांगता येईना. सरांनी शेवटच्या दिवशी नाव दिलं, तेही अट घालून. "खेळताना हनुवटी वर गेली, की मी आत टॉवेल टाकून लढत थांबवणार. मग रडायचं न्हाई."

बीडला साखराबाई एस्टीने गेली. हॉलमध्ये तिने लेकीकडे पाहिलंच नाही म्हटलं तरी चालेल. ती पाहत होती सरांच्या खांद्यावरच्या पांढऱ्या टॉवेलकडे. पहिल्या राऊंडमध्ये सरांचा हात एकदा टॉवेलाशी गेला आणि परत खाली आला. दुसऱ्यात तो गेलाच नाही. तिसरा लागला. आता हात पडतील, आता मान वर होईल, म्हणून साखराबाईने पदर मुठीत आवळला. आणि मग तिच्या कानावर ओळखीचा आवाज आला. फस्. फस्. पाण्यात सोडायची तसा, प्रत्येक ठोशागणिक ऋतुजा श्वास सोडत होती. तेव्हा कुठे साखराबाईने तिच्याकडे नीट पाहिलं. हनुवटी छातीला टेकलेली. समोरची अंबाजोगाईची पोर तोंड उघडं टाकून दमली होती.

घंटा झाली. सरांनी खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि त्याने स्वतःचं तोंड पुसलं. साखराबाईची मूठ सुटली. पंचाने ऋतुजाचा हात वर केला, ते तिला शेजारच्या बाईने सांगितल्यावर कळलं.

बाहेर येऊन तिने बंकटला फोन लावला. मागे मेंढरांचा आवाज येत होता.

"लई लागलं का पोरीला?"

"न्हाई. दोन्ही ओठ साबूत हायत. जिंकलीबी."

बंकटने मोठा श्वास सोडला, तो इकडे स्पष्ट ऐकू आला. मग म्हणाला, "बरं ऐक. आल्यावर मला बी शिकव. कॅन हाय ना अजून?"

"हाय," साखराबाई म्हणाली. "पण तुमी मुंडकं वरच ठेवा."