जागतिक सिनेमातली थांबलेली गाय

पैलवानांच्या तालमीचा हॉल महिन्यातून एक रविवार मिळावा, एवढंच मला हवं होतं. जागतिक सिनेमाचं रसग्रहण शिकवणारं मंडळ मी काढलं होतं आणि बायकोनं ते आमच्या बैठकीच्या खोलीतून हाकललं होतं. तालमीचे अध्यक्ष म्हशीवाले. म्हणाले, "एक पिच्चर दाखवा. पोरांस्नी आवडला तर हॉल तुमचा. न्हाय तर न्हाय."

मी निवडून निवडून एक कृष्णधवल परदेशी चित्रपट नेला. त्यात एक म्हातारा, एक गाय आणि पुष्कळ धुकं. आधी लांबलचक प्रस्तावना केली. याला गोष्ट नाही, घाई करू नका, शांतता ऐका. पैलवान मांडी घालून शांतता ऐकायला लागले.

थोड्या वेळानं गाय दारात येऊन उभी राहिली. ती उभीच राहिली. मी लगेच उठलो. थांबलेला काळ, माणसाचं एकटेपण, अस्तित्वाचा प्रश्न, सगळं त्या गाईवर लादलं. बोलता बोलता पडद्याच्या कोपऱ्यात गरगरणारं बारीक चक्र दिसलं. लॅपटॉप अडकला होता. पण सांगणार कसं? त्या गाईला मी नुकतंच शून्यवादापर्यंत नेऊन सोडलं होतं.

"सर, गाय हलंना," मागून एक पैलवान म्हणाला.

"हलणार नाही. तोच तर आशय आहे."

"आशय ऱ्हाऊ दे. खूर दुखत असंल तिचं."

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. "सर, काळ तुमचा थांबलाय. आमाला धारा काढायच्या हाईत."

हॉल चालला हातातून. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "अध्यक्ष, बोलवा की तिला."

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून मालकाच्या मोटारसायकलमागं पळवतात. अध्यक्षांची म्हैस तर त्यांच्या गाडीचा आवाज ऐकला की गर्दी फोडून येते. ते उठले, बाहेरची गाडी थेट हॉलमध्ये घातली, पडद्यासमोर उभी केली आणि ॲक्सिलरेटरची मूठ पिळली. धुरात काही दिसेना. मी हाताला येतील ती बटणं दाबत सुटलो.

आणि गाय हलली. दारातून निघून सरळ आमच्याकडं चालत आली.

शिट्ट्यांनी पत्रा हलला. अध्यक्षांनी गाडी बंद केली, डोळे पुसले. धुरानं असावेत. "परदेशातली हाय, पण आवाज वळखला बघा."

हॉल मिळाला. अट एकच, पिच्चरात जनावर पाहिजे आणि ते अध्यक्षांच्या गाडीला आलं पाहिजे. आता मी महान चित्रपट आधी घरी बघतो, जनावर कुठं पुढं येतं ते हेरतो, तिथं चित्र थांबवतो आणि मूठ पिळली की बटण दाबतो.

गेल्या महिन्यात फसलो. त्या चित्रपटात घोडा पाठ फिरवून निघूनच जातो, येत कुठंच नाही. शेवटी मी तो प्रसंग उलटा चालवला. घोडा शेपटी पुढं करून, मागं मागं सरकत, अध्यक्षांपर्यंत आला.

मी अध्यक्षांकडं बघितलं.

"लाजतंय," अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांनी गाडी बंद केली.