दाराबाहेरून दिलेली हवा

मन्मथअप्पा गेल्याची बातमी मला मोंढ्यात मिळाली, हरभऱ्याचा लिलाव ऐन रंगात असताना. आमच्या आडतीवरचा मुनीम गर्दीतून वाट काढत आला आणि कानाशी म्हणाला, "शेठ, घरी चला. मन्मथअप्पा गेले." मी ढिगावरची नजर न काढता विचारलं, "कुठं गेले?" वेडा प्रश्न होता, पण मी तो खरोखर विचारला. कारण मला घरातून एवढंच सांगितलेलं होतं की अप्पा पुण्याला लेकीकडं हवापालटाला गेलेत, उन्हाळा काढून येतील. ते तिथं दवाखान्यात होते, नाकाला नळ्या लावलेल्या होत्या, हे त्यांच्या बायकोला, शैलाक्कांना माहीत होतं, लेकीला माहीत होतं, माझ्या बायकोला तर शैलाक्कांची सख्खी बहीण म्हणून पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मला. अप्पांना माती देताना लोक मला धरून उभे होते, त्यांना वाटलं मी रडतोय. मी रडत होतो हे खरं, पण त्याहून जास्त मी चिडलेलो होतो. आता काही आठवडे झाले, चीड अजून उतरलेली नाही, आणि ती उतरली म्हणून हे लिहितोय असं कुणी समजू नये.

अप्पा माझे साडू. घाटनांदूरच्या एका घरातल्या दोन बहिणी आम्ही केल्या, थोरली त्यांनी, धाकटी मी. ते माजलगावात विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी बांधायचे, रेडिओ दुरुस्त करायचे, पुढं रंगीत टीव्ही आले तेव्हा एका कंपनीची एजन्सी घेतली. मी वडिलांच्या मागं मोंढ्यात पोती उचलली आणि त्याच मोंढ्यात स्वतःची आडत उभी केली. मला कुणी काही फुकट दिलेलं नाही, त्यामुळं मी घासाघीस केल्याशिवाय कुणाचंच ऐकत नाही, मग तो व्यापारी असो, डॉक्टर असो, नाहीतर लग्न लावायला आलेला जंगम असो. अप्पांनी उभ्या आयुष्यात भाव केला नाही. दुकानदार सांगेल ते द्यायचे आणि वर त्यालाच पाणी विचारायचे. मी म्हणायचो, "अप्पा, तुमच्यासारखी गिऱ्हाइकं असती तर मी आज पुण्यात बंगला बांधला असता." ते हसायचे. "आन् तुझ्यासारखी असती तर मी दुकान विकून भजनाला बसलो असतो, भगवान."

तर या अप्पांना कंपनीनं एकदा मुंबईला डीलरांच्या जेवणाला बोलावलं. हॉटेलाच्या दारातच काचेची मोठी टाकी होती, आत समुद्राचं पाणी आणि रंगीत मासे. बाकीचे डीलर जेवत होते, हे टाकीपुढं उभे. परत आले ते समुद्राच्या मिठाची पाकिटं, काचा आणि पाण्यानं भरलेली एक फुगीर पिशवी घेऊन. पिशवीत केशरी रंगाचा, अंगावर पांढरे पट्टे असलेला बोटाएवढा मासा. त्याचं नाव त्यांनी ठेवलं नवरदेव. आमच्या समाजात लसूण-कांद्यावरून भांडणं होतात, तिथं लिंगायत वाण्याच्या घरात मासा! बघायला गल्ली लोटली. एका म्हातारीनं विचारलं, "अप्पा, ह्ये खायचं हाय का पुजायचं?" अप्पा म्हणाले, "नुसतं बघायचं हाय, मावशी." तिला ते पटलं नाही.

घर शाकाहारी, म्हणून मासाही शाकाहारी. अप्पा त्याला उकडलेले वाटाणे, पालकाची पानं, कणकेच्या बारीक गोळ्या घालायचे. तो खायचाही बिचारा, दुसरं काय करणार? समुद्रातल्या प्राण्याला आपण मारवाडी खानावळीचं जेवण घालतोय हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. काही महिन्यांत त्याचा रंग उतरला. मग एक दिवस अंगावर मिठाचे कण सांडल्यासारखे पांढरे ठिपके दिसले. तो दगडांवर अंग घासायचा, कल्ले इतके भराभर हलायचे की बघणाऱ्यालाच दम लागावा. अप्पांनी दुकान लवकर बंद करायला सुरुवात केली. माणूस आजारी असल्यासारखं घर शांत झालं. मी रोज जायचो आणि रोज वाटायचं, आज तो उलटा तरंगताना दिसणार.

ज्या दुकानातून मासा आणला होता त्या मुंबईवाल्याला अप्पांनी एसटीडीवरून फोन लावला. तो म्हणाला, हा साथीचा रोग आहे, मासा वेगळ्या छोट्या टाकीत काढा, त्यात तांब्याचं औषध थेंब मोजून घाला, रोज थोडं पाणी बदला, हवेचा पंप अखंड चालू ठेवा, आणि आधी सांगा, खायला काय देता? अप्पांनी सांगितलं. तो म्हणाला, "शेठ, इसको झिंगा खिलाव, नहीं तो ये बीमारी से पहले भूख से मरेगा." मी रिसीव्हर हिसकावून घेतला. "सगळं करतो, पण वाचंल का? गॅरंटी दे." तो म्हणाला, जिवाची गॅरंटी नसते. मी म्हणालो, मग पैसे कसले घेतोस बे? अप्पांनी माझ्या हातातून फोन काढून खाली ठेवला आणि त्या माणसाला पुन्हा फोन करून माझ्या वतीनं माफी मागितली. तांब्याचं औषध म्हटल्यावर मी मोरचूद आणतो म्हणालो, खतवाल्याकडं ढिगानं असतो. "भगवान," ते म्हणाले, "मासा हाय त्यो, द्राक्षाचा बाग न्हाई." औषध ट्रॅव्हल्सच्या गाडीनं मुंबईहून आलं.

झिंगे आणायचं मात्र माझ्यावर आलं, कारण अप्पांचे पाय मासळीबाजाराकडं वळेनात. धरणावरून येणाऱ्या एका बाईपुढं मी उभा राहिलो आणि सवयीनं भाव पाडायला लागलो. तिनं माझ्या गळ्यातलं लिंग बघितलं, पदर तोंडाला लावून हसली. "घ्या शेठ, असंच घ्या. कुनाला सांगत न्हाई मी." तासाभरात सगळ्या मोंढ्याला कळलं. समोरचा आडत्या ओरडून विचारायचा, "काय शेठ, आज रस्सा का सुकं?" आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला न मागता सूट दिली, ती अशी. शैलाक्का झिंगे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ देईनात. अप्पा ते गच्चीवर वेगळ्या पातेल्यात उकडायचे, ब्लेडनं बारीक करायचे, मग पुन्हा आंघोळ करून पूजेला बसायचे. त्यांनी ना झिंग्यांबद्दल तक्रार केली ना दुसऱ्या आंघोळीबद्दल.

पण नवरदेव खाईना. छोटी टाकी अप्पांनी मागच्या खोलीत ठेवली होती. मी आत जायचो, वाकून बघायचो, "काय बे, खा की!" म्हणायचो, बोटातल्या अंगठीनं काचेवर टकटक करायचो. तो कोपऱ्यात जाऊन थरथरायचा. दोन-तीनदा असं झाल्यावर अप्पांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं, टाकीवर टॉवेल टाकला आणि दार लोटून घेतलं. मी भडकलो. "मी आणलेले झिंगे चालतात, मी चालत न्हाई? कावून?" ते म्हणाले, "तुझी काळजी लई मोठ्या आवाजाची हाय, भगवान. आजाऱ्याला ती सोसत न्हाई." मी चप्पल घातली. तेवढ्यात लाईट गेली.

त्या काळात लाईट गेली की कधी येईल ते देवही सांगू शकत नव्हता. हवेचा पंप बंद, औषध घातलेलं पाणी, आणि आत तो आधीच धापा टाकणारा जीव. अप्पांनी पूर्वी बॅटरीवर जोडणी करून बघितली होती, त्यात एक पंप जळाला होता. ते दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात सायकलला हवा भरायचा, पायानं दाबून धरायचा उभा पंप होता आणि त्याला जोडलेली लांब नळी. नळीचं दुसरं टोक टाकीत. "आतून मारला तर धक्क्यानं पाणी हलतं," ते म्हणाले. "तू बाहेरून मार. सावकाश. येतोस का… का चाललास?"

मी चप्पल काढली. दाराबाहेर लाकडी स्टूल होतं, त्यावर बसलो आणि पंप मारायला लागलो. नळी दाराखालून आत गेलेली. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं. जोरात मारला की अप्पा आतून हळूच म्हणायचे, "सावकाश." थांबलो की म्हणायचे, "बाहेर हायेस का?" मी म्हणायचो, "हाय." पोती उचललेल्या माझ्या खांद्यांना त्या पंपानं घाम फोडला. पण खरा त्रास दंडाचा नव्हता. दाराच्या पलीकडं एक जीव माझ्या हातावर जगतोय आणि मला तो बघायची परवानगी नाही, हा त्रास होता. मला बघितल्याशिवाय माल घ्यायची सवय नाही. तिथं न बघता देत राहायचं होतं.

त्यानंतर लाईट जायची त्या प्रत्येक वेळी मी तिथं असायचो. मोंढ्यात पंखे थांबले की मी स्कूटरला किक मारायचो. मुनीम म्हणायचा, शेठ, लिलाव… मी म्हणायचो, मर तिकडं. दिवस असेच धाकधुकीत गेले. मग एका दुपारी आतून अप्पांचा आवाज आला, "खाल्लं." बस्, एवढंच. मी उठून दार ढकलणार होतो, पण ढकललं नाही. पुढं ठिपके गेले, रंग परत आला, नवरदेव मोठ्या टाकीत गेला आणि नंतर कितीतरी वर्षं तिथं पाटलासारखा फिरला. तो वयानं गेल्यावर अप्पांनी दुसरा मासा आणला नाही. त्या आजारपणाबद्दल ते एकदाच बोलले. "तू बाहेर होतास म्हणून मी आत बसू शकलो."

आता कुणीतरी सांगावं, असं म्हणणाऱ्या माणसानं स्वतःच्या वेळी मला का टाळलं? मला आत घ्यायचं नव्हतं, कबूल. माझा आवाज मोठा आहे, अंगठी वाजते, सगळं कबूल. पण पुण्यात दवाखान्याच्या दाराबाहेर एखादं स्टूल नव्हतं का?

हे विचारायला मी गेल्या सोमवारी त्यांच्या घरी गेलो. भांडायलाच गेलो होतो. शैलाक्कांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्यांनीच शपथ घातलती. म्हनले, भगवानाला कळलं तर त्यो डॉक्टरच्या गळ्याला पडंल, गॅरंटी दे म्हनंल. न्हाई मिळाली की त्याचं तोंड मला बघवायचं न्हाई." मी म्हणालो, "मी आत आलोच नसतो." त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत म्हणाल्या, "शेवटी शेवटी त्यांना नीट सुधरत नव्हतं. नळी नाकात, डोळे दाराकडं. मला विचारलं, बाहेर कोन बसलंय? मी म्हनलं, कुनी न्हाई. तर म्हनले, मग हवा कोन देतंय?"

शैलाक्का उठून मागच्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. ती टाकीची खोली, तिथं आता अप्पांचा पलंग आहे. दाराबाहेर ते स्टूल तसंच होतं, त्याच्यावर जुने पेपर रचलेले. वर खिळ्याला पंप टांगलेला. पेपर खाली ठेवून मी बसलो. आतून त्यांच्या रडण्याचा आवाज येत होता आणि पंख्याचा. थोड्या वेळानं लाईट गेली, पंखा थांबला, मग रडणंही थांबलं. एवढी शांतता झाली की मला धडकी भरली. दारावर टकटक करायला हात उचलला होता… तो मधूनच पंपाकडं गेला. नळी कधीच निघून गेली होती, आतली चामडी वाळली होती. तरी पायात धरून दांडा सावकाश खाली दाबला. फस्स करून हवा निघाली. पुन्हा दाबला.

आतून शैलाक्कांनी विचारलं, "बाहेर कोन हाय?"

म्हटलं, "मी हाय."